प्रयोग ओळखा

सोमवारी प्रार्थना संपली
आणि दहावी ब वर्गात गेलीच नाही.
टेंभीपाड्याकडच्या भिंतीशी बसून राहिली,
मागून नववी आली, मग आठवीतली मुलंसुद्धा,
दप्तरं मांडीवर, ऑक्टोबरचं ऊन थेट डोक्यावर.
घोषणा फार नव्हत्या. पुठ्ठ्यावर एकच ओळ,
शर्वाणी घाडीगावकरच्या वळणदार अक्षरात:
प्रयोगशाळेत सर आम्हाला हात लावतात.

मी स्टाफरूमच्या खिडकीतून वाचली.
सत्तावीस वर्षांची सवय,
आधी शुद्धलेखन तपासलं.
चूक नव्हती.

मंगळवारी फलकावर सूचना लागली:
काही अनुचित बाबी निदर्शनास आणून देण्यात आल्या आहेत.
चौकशी करण्यात येत आहे.
शांतता राखण्यात यावी.
तीन वाक्यं, आणि माणूस एकही नाही.
कुणी आणून दिल्या, कोण करतंय,
कुणी राखायची, आणि इतके दिवस
ती कुणी राखली होती?
मराठीत केवढी सोय आहे लपायची.
ती मीच शिकवते.

बुधवारी पालकसभा.
मंथनचे वडील रात्रपाळीहून तसेच आले,
वॉचमनच्या गणवेशात, टोपी काखेत.
मला मुलगी नाही, म्हणाले, तरी बसतो.
खाकऱ्याच्या कारखान्यातली बाई उठली:
पोरीचं नाव कागदावर नको,
पण ती म्हणते ते सगळं लिहा. गाळू नका.
विश्वस्त शाळेच्या नावाबद्दल बोलत राहिले.
तेवढ्यात चहाचा ट्रे धरून सुलभा मावशी,
जिला कुणी विचारलं नव्हतं:
पेटी हेडबाईंच्या दाराशी टांगलीय,
चिठ्ठी टाकणारी पोर आधी तुम्हालाच दिसते.
ती वर हलवा, मुलींच्या नळापाशी.

किल्ली कुणाकडे, कुणालाच आठवेना.
हातोडीने कुलूप फोडलं.
आत एक गोळीचा कागद, आणि एक चिठ्ठी,
आठवी क, पंखा फिरत नाही.
ती मुलं एव्हाना कॉलेजात असतील.

आता जुलै.
हे मी सभेत बोलले नाही.
रुकय्या माझ्या टेबलाशी उभी होती,
ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत.
बाई, मला मळमळतं. प्रयोगाला नको जायला.
मी वह्या तपासत होते.
मान वर न करता म्हटलं,
घरून चिठ्ठी आण.
आणि त्याच आठवड्यात शिकवलं:
मला मळमळते. अकर्तृक भावे प्रयोग.
या वाक्याला कर्ता नसतो, लिहून घ्या.
बेचाळीस जणांनी लिहून घेतलं.
तिनेही.

गुरुवारी निम्मी बाकं रिकामी.
मी खडू घेतला. हात हलत होता,
पहिलं अक्षर दोनदा पुसलं.
मग लिहिलं:
मी रुकय्याचं ऐकलं नाही.
नाव लिहिताच कळलं, तिला न विचारता लिहिलं,
पुन्हा तेच.
पुसून तिथे "एका मुलीचं" केलं.
कर्ता ओळखा, म्हटलं.
वर्ग गप्प. मंथन पट्टीने बाक खरवडत होता.
बाहेर एलबीएस रोडवर कुणीतरी हॉर्न दाबूनच ठेवला होता.
तिसऱ्या बाकावरून, अगदी हळू,
तुम्ही, बाई.

बरोबर, मी म्हटलं.
पुढे काही सुचलं नाही.
माफी मागितली, ती घशातच निम्मी राहिली.
तिने वही उघडली, जुलैचं पान काढलं,
खोडलं नाही,
समासात काहीतरी लिहिलं.
मी बघायला गेले नाही.

आता त्यांच्या प्रत्येक प्रयोगाच्या तासाला
मी दाराजवळच्या स्टुलावर बसते.
नवीन सर अजून यायचे आहेत,
मुलुंडहून एक बाई तात्पुरत्या येतात.
दाराची कडी सुताराने काढून नेली,
चार भोकं तेवढी राहिलीत लाकडात.
मला विज्ञानातलं काही कळत नाही.
निळा कागद लाल झाला की मुली मला दाखवतात,
मी मान वर करून बघते.